मुरलेले लाडू

यंदा मी आंबा खाणार, आणि तोही उल्काच्या डोळ्यांदेखत खाणार, असं मी फेब्रुवारीतच जाहीर केलं होतं. रत्नागिरीत राहून हे जाहीर करावं लागतं, यावरून माझी अवस्था ओळखा! डॉक्टर रिपोर्टवर बोट ठेवून "शुगर काठावर आहे, सांभाळा" एवढंच म्हणाले होते. निकाल उल्काने, म्हणजे माझ्या बायकोने लावला.

"एप्रिलात पुन्हा रक्त तपासायचं. शुगर उतरली तर आंबा. नाहीतर विनीतच्या पेटीचा नुसता वास घ्यायचा."

विनीत माझा मेहुणा. पावसला त्याची हापूसची बाग आहे आणि दरवर्षी एक पेटी आमच्या घरी येते. त्या पेटीसाठी मी काहीही करायला तयार होतो. पहाटे उठून मांडवीपर्यंत चालायला लागलो. चहातली साखर सोडली. आणि गोडाची हौस भागावी म्हणून स्वतःच्या हाताने बिनसाखरेचे लाडू केले. भाजलेलं नाचणीचं पीठ, खारकेची पूड, वेलची. गूळ नाही, तूपसुद्धा नाही. वळायला नुसतं गरम पाणी! चांगले चाळीस लाडू झाले.

दुसऱ्या दिवशी ते वाळले. उल्काने एक तोंडात घातला आणि गालाला हात लावून खाली बसली.

"अहो, हा लाडू आहे की चिरा? परसातला दगडी गडगा पडलाय, तिथे लावा."

त्यानंतर तिने माझ्या लाडवांना बोट लावलं नाही. हे लक्षात ठेवा, कारण माझा घात इथेच झाला.

चाळीस लाडू एकट्याने संपवायचे तर दात पुरले नसते. म्हणून दहा-दहा लाडू तीन डब्यांत भरले आणि शेजारच्या तुळसाकाकू, समोरची मनस्वी आणि कोपऱ्यावरचे अण्णा यांच्याकडे नेऊन दिले. "सहज केलेत, चव बघा," एवढंच बोललो. शुगरबद्दल अवाक्षर नाही. आमच्या आळीत एखाद्याची शुगर कळली की दुसऱ्या दिवशी चार जण कारल्याचा रस घेऊन दारात उभे राहतात, आणि लग्नाच्या पंगतीत जिलबीचं ताट त्याला वळसा घालून पुढे जातं. एवढी अब्रू कोण घालवणार!

तीन दिवसांनी काकूंचा डबा परत आला. शेजारचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही आमच्याकडची रीत. तेव्हा खोबऱ्याच्या वड्या असणार आणि आपण त्या निग्रहाने उल्काला देणार, अशी मनाची तयारी करून मी झाकण उघडलं. आत नाचणीचे लाडू. म्हणजे माझेच! मला अपमानच वाटला. मग सवयीने मोजले. चौदा भरले.

पुन्हा मोजले. चौदाच.

"उल्का, आपण काकूंना किती दिले होते?"

"मला काय विचारता? वीट तुमची, भट्टी तुमची."

गोंधळलेल्या मनाने एक लाडू तोंडात टाकला. जिभेवर विरघळला हो! हा लाडू आपला? मग डोक्यात प्रकाश पडला. लोणचं मुरतं, तसे लाडूही मुरत असणार. खारकेची गोडी हळूहळू उतरते. बोटांना ओशट लागलं ते नाचणीचं अंगचं तेल असावं.

पण चार लाडू जास्त कसे? मला वाटलं, आपणच मोजायला चुकलो. तोवर मनस्वीकडून तेरा आले, जरा फिकट रंगाचे. अण्णांकडून पंधरा, वर काजू लावलेले. काजू मी लावल्याचं मला आठवत नव्हतं. पण आठवत तर मला गॅस बंद केल्याचंही नसतं.

"नाचणी फुगते आणि लाडू मुरतात," मी उल्काला सांगितलं.

कोणाला विचारावं, तर आपल्याच लाडवांबद्दल आपल्यालाच शंका, असं दिसलं असतं. त्यापेक्षा मी चालून आल्यावर दोन, संध्याकाळी दोन, असे लाडू खाऊ लागलो. औषधच ते! संपले तसे आणखी चाळीस केले आणि मुद्दाम मुरायला तिन्ही घरी पाठवले. तेही वाढून आले. मार्चभर हेच चाललं.

एकदा मांडवीला अण्णा भेटले. "आत्माराम, पुरे की रे आता. बायको दमली आमची."

खाऊन दमली असेल, असं मला वाटलं.

एप्रिलात रिपोर्ट आला. शुगर फेब्रुवारीपेक्षा तीसने जास्त! हे दुसऱ्या कोणाचं तरी रक्त आहे, असं मी लॅबमध्ये तीनदा सांगितलं. घरी येऊन डोकं धरून बसलो. चाललो मी, साखर सोडली मी, आणि शुगर वाढली? उल्काही बुचकळ्यात पडली होती. तेवढ्यात तुळसाकाकू डबा परत करायला आल्या. उल्काने सगळं सांगून टाकलं.

काकू डबा हातात घेऊन उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"अगो, याला शुगर आहे? मग कोणी सांगितलंन का आम्हाला? लाडू फसलेत नि बिचाऱ्याला सांगवत नाही, असं वाटलं मला. म्हणून कुटले, नि गूळ-तूप घालून परत वळले. डबा रिकामा कसा पाठवू?"

"आणि मनस्वीने?" मी क्षीण आवाजात विचारलं.

"ती दुधाचा डबा घालते. तो गोड, घट्ट मिळतो ना, तो. अख्खा."

संध्याकाळी पावसची पेटी आली. उल्काने पिकलेले आंबे निवडून त्याच तीन डब्यांत भरले. "त्यांनी एवढं दमून तुम्हाला खायला घातलं, त्यांना नकोत?" उरलेले तिने स्वतःसाठी वर ठेवले. माझ्या वाट्याला पेटीतला पेंढा आला. खरं सांगतो, मला रडू येत होतं.

दोन दिवसांनी काकू तिन्ही डबे एकदम घेऊन आल्या. रिकामे नसणार, हे उघड होतं. एखादी आंब्याची फोड, निदान आंबापोळीचा तुकडा, अशी वेडी आशा मला वाटली.

"आता काळजी नको हो," काकू मायेने म्हणाल्या. "आम्ही तिघींनी मिळून अगदी तुझ्या कृतीने केलेत. गूळ नाही, तूप नाही. नुसतं गरम पाणी."

मी मोजले. बरोबर तीस. एक उचलून दात लावून पाहिला, आणि गालाला हात लावून खाली बसलो.

समोर उल्का आंब्याची बाठ चोखत होती.

"घाई कशाला करता?" ती म्हणाली. "राहू द्या दोन दिवस. मुरतील."