पहिल्या रांगेतला सूर्यास्त

सूर्य रोज मावळतो, ही गोष्ट खरी असली तरी तेवढ्याने भागत नाही. तो नीट मावळावा, वेळेवर मावळावा आणि चार लोकांना दिसेल असा मावळावा, यासाठी व्यवस्था लागते. आमच्या घरामागे तो चाळीस वर्षं मावळतो आहे, पण कुणी बघत नाही. कारण तिथे खुर्च्या नाहीत.

ही व्यवस्था मी एका बेटावर पाहिली. चिरंजीवांनी आम्हाला सहलीला नेलं होतं. आम्ही म्हणजे मी, आमचे हे (नोकरीतून निवृत्त, बोलण्यातून त्याच्या बरेच आधी), चिरंजीव आणि सूनबाई. चौथ्या दिवशी संध्याकाळी कड्यावरचा बार, असं आधीच ठरलेलं. बेटावर जाऊन त्या बारमध्ये गेलं नाही तर परत आल्यावर लोक विचारतात, "मग गेलात कशाला?"

बार म्हटल्यावर मी आधी कानांवर हात ठेवले. माझ्या लहानपणी अशी जागा गल्लीच्या टोकाला, पडद्याआड असायची आणि आत गेलेला माणूस रुमालात तोंड लपवून बाहेर यायचा. आता पडदा काढून तीच जागा डोंगराच्या माथ्यावर नेली आहे, आणि लोक सासू-सासऱ्यांना हाताला धरून नेतात. पूर्वी माणूस आधी प्यायचा आणि मग कड्यावरून पडायचा. आता आधी कड्यावर नेतात, मग पाजतात. याला नियोजन म्हणतात. मी चौथी शिकलेली बाई, मला हे सुचलं नसतं.

वर जायला दोनशे अकरा पायऱ्या आहेत. (मी मोजल्या. हे एकशेऐंशीव्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "इथूनही दिसतोय की." त्यांना उठवावं लागलं.) दारात गणवेशातला एक माणूस, गळ्यात शिट्टी. त्याला मी शिट्टीवाला म्हणते. त्याला स्वतःला तो अधिकारी वाटत होता. तो माणसं मोजतो, बिल्ले देतो आणि बसवतो. खुर्च्यांच्या रांगा तीन. तिसऱ्या रांगेतून दुसऱ्या रांगेची डोकी दिसतात, दुसऱ्या रांगेतून थोडा समुद्र, आणि सूर्य फक्त पहिल्या रांगेला. पहिल्या रांगेत एका कुटुंबाला चाळीस मिनिटं मिळतात. नियम फळ्यावर लिहिले होते:

पहिल्या रांगेत उभे राहू नये, मागच्यांचा सूर्य अडतो.
खुर्च्या हलवू नयेत. (हलवणार कशा? जमिनीत ठोकल्या होत्या.)
काही मागवल्याशिवाय बसू नये.
सूर्य ढगात गेल्यास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही.

"आणि मावळलाच नाही तर कोण जबाबदार, ते लिहिलेलं नाही," हे म्हणाले. तीस वर्षं कार्यालयात काढलेला माणूस. चूक लगेच दिसते.

पहिल्या रांगेतल्या सगळ्या खुर्च्या समुद्राकडे तोंड करून एका ओळीत. आम्ही चौघं बसलो ते दवाखान्यात नंबर लावल्यासारखे: हे, मग मी, मग चिरंजीव, मग सूनबाई. कुणाचं तोंड कुणाला दिसत नाही. ही फार मोठी सोय आहे. घरी जेवायला बसलं की समोर तोंड येतं, आणि समोर तोंड आलं की शब्द घशात अडकतात.

चिरंजीवांनी ही जागा का निवडली, ते मला ठाऊक होतं. महिन्यापूर्वी दुपारी मी झोपले आहे असं समजून चिरंजीव आणि सूनबाई आपलं लाकडी कपाट फीत लावून मोजत होते. कपाट मोजणारा माणूस कपाट हलवणार असतो. त्यानंतर घरात दारं हळू बंद व्हायला लागली, फोन गच्चीवर व्हायला लागले, आणि एके दिवशी सहल निघाली. पोरांना वेगळं व्हायचं होतं. त्यात वावगं काही नाही. मीही माझ्या सासूला सोडून वेगळी चूल मांडलीच होती. (मी तिला तिच्या स्वयंपाकघरात, तोंडावर सांगितलं होतं. ती सहा महिने बोलली नाही. पण तिला कुणी दोनशे अकरा पायऱ्या चढवल्या नव्हत्या.) मी मनाशी एकच ठरवलं होतं: त्याने सांगावं. मी विचारणार नाही. जन्म दिला, चालायला शिकवलं, आता वाक्यसुद्धा मीच बोलून देऊ का?

पेले आले. माझ्या पेल्यात फळांचा रस आणि वर एक कागदी छत्री. ऊन उतरलेलं, पाऊस नाही. पण पेल्याची काळजी घेतात.

"आई, कसं वाटतंय?" चिरंजीव.

"ओलं. वारा खारट आहे."

"नाही, म्हणजे... शांत वाटतं ना? माणसाला आयुष्यात थोडी मोकळी जागा हवी. नाही का?"

"आहे की. खाली तीनशे फूट मोकळंच आहे."

सूनबाईने कोपर मारलं. (त्या चाळीस मिनिटांत एकूण अकरा वेळा. मी बघत नव्हते. खुर्ची जमिनीत ठोकलेली असली तरी चिरंजीव हलत होते.)

"आई, हल्ली सगळेच..." त्यांनी पुन्हा सुरू केलं. नमनाला घडाभर तेल! तेवढ्यात ह्यांनी समुद्रात जहाज पाहिलं आणि ते उभे राहिले. शिट्टी वाजली. मागून तीन कुटुंबं ओरडली. हे बसले, आणि "हल्ली सगळेच" काय करतात ते तसंच राहिलं.

इकडे सूर्य खाली येत होता. कामाला नेमलेल्या माणसासारखा, ना घाई ना उशीर. पहिल्या रांगेत अठ्ठावीस माणसं होती, त्यातल्या एकोणीस जणांची सूर्याकडे पाठ होती. मान वळवून, फोन वर धरून, तो बरोबर आपल्या खांद्यावर बसावा म्हणून त्यांची धडपड चालली होती. उरलेल्या नऊ जणांत आम्ही चौघं. आमच्या डावीकडे एक मुलगी बापाला सांगत होती की तिने नोकरी सोडली. उजवीकडे एक गृहस्थ बायकोला म्हणत होते, "तू ओरडू नकोस, लोक बघतायत." लोक कुठले बघतात? लोक फोटो काढत होते. जागेची निवड सगळ्यांनीच चोख केली होती. इथे आवाज वाऱ्यात जातो, उठून जावं म्हटलं तर शिट्टी वाजते, आणि डोळ्यांत पाणी आलं तर सूर्याकडे बघितल्यामुळे आलं म्हणता येतं.

"शेवटची पाच मिनिटं!" शिट्टीवाला ओरडला.

मी सहज खाली बघितलं. चिरंजीवांनी आपल्या पेल्यातली छत्री घेतली होती आणि तिचा कागद बोटांनी बारीक बारीक फाडत होते. मांडीवर कचरा पडला होता. दुसरीत असताना प्रगतिपुस्तक दप्तरात ठेवून माझ्यासमोर उभा राहिला, तेव्हा त्याने वहीचं पान असंच फाडलं होतं. आता तो बेचाळीस वर्षांचा आहे. कानशिलावरचे केस पांढरे आहेत. हात मात्र तेच.

माझा निश्चय पक्का होता. तो पक्का असतानाच माझं तोंड उघडलं.

"कपाट नव्या घराच्या दारातून जातं का रे?"

चिरंजीवांची बोटं छत्रीवर थांबली. मग सूनबाई म्हणाली, "जातं, आई. दाराची चौकट जरा काढावी लागेल. पण जातं."

"मग न्या. खालच्या कप्प्यात माझी रजई आहे, ती काढून घेते."

"आई, मी सांगणारच होतो गं..."

"सांगितलंस की. अकरा वेळा."

चिरंजीव रडायला लागले. सूनबाईही रडायला लागली. माझ्या डोळ्यांतही पाणी आलं, सूर्याकडे बघितल्यामुळे.

"काय झालं?" हे म्हणाले.

"पोरं वेगळी राहणार."

"कधी?"

"महिनाअखेर," सूनबाई म्हणाली.

ह्यांनी थोडा विचार केला. तीस वर्षं कार्यालयात काढलेला माणूस. "मग ते गच्चीत जाऊन फोन कशाला करायचे? मी तर कधीचा ओळखून आहे."

त्याच क्षणी सूर्य बुडाला आणि कड्यावरच्या सगळ्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. का, ते विचारू नये. एवढा मोठा सूर्य, एवढी वर्षं बुडतो आहे, एकदाही चुकला नाही, कौतुक होतंच. शिट्टी वाजली. आम्ही उठलो. उठताना दुसऱ्या रांगेतल्या कुणीतरी आमचा चौघांचा फोटो काढून दिला. डोळे लाल, नाकं लाल, मागे आभाळ लाल. नातेवाइकांना पाठवला. बहात्तर जणांनी कळवलं की किती सुखी कुटुंब आहे. सदुसष्ट जणांनी जागेचा पत्ता विचारला.

तो पत्ता मी इथे देत नाही, कारण तो तुमच्याकडे आहे. शिट्टीवाल्याने निघताना सांगितलं की पहिल्या रांगेची पुढच्या सहा महिन्यांची नोंदणी भरली आहे, आणि त्यातली बरीचशी दोन पिढ्यांची. त्यात तुमचं नाव आहे का, हे मी विचारणार नाही. ते विचारायला तुमची आई आहे. फक्त तिला सांगा, शाल बरोबर घ्यायला. वर वारा फार असतो, आणि तुम्ही काय बोलणार हे तिला माहीत असलं तरी ते तुम्ही बोलेपर्यंत ती हलायची नाही.