मेजरचं अर्धवट वाक्य

मेजरने छावणीतल्या सगळ्या संशयितांना जेवणघरात गोळा केलं, टोपी काढून काखेत धरली आणि धीरगंभीर आवाजात म्हणाला, "कर्नलसाहेबांच्या सूपमध्ये विष घालणारा खुनी ह्याच खोलीत आहे. आणि त्याचं नाव..."

एवढं बोलून त्याने जो आ वासला, तो वासलेलाच राहिला. पडदा थिजला.

ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या हॉलमध्ये सगळे क्षणभर श्वास रोखून बसले. नाव सांगण्याआधी मेजर मुद्दाम थांबलाय असंच सगळ्यांना वाटलं. बऱ्याच वेळाने पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अहो सेक्रेटरी, हा फारच थांबला."

सिनेमा सेक्रेटरींनीच निवडला होता. इतका जुना आणि इतक्या काटकसरीत काढलेला खूनपट त्यांनीही कधी पाहिला नव्हता. अख्ख्या लष्करी तळावर एकच जीप होती आणि दर दहा मिनिटांनी तीच डावीकडून उजवीकडे जायची. कुणी दार आपटलं की बराकीची भिंत हलायची. पण लोक रंगले होते. म्हणून सेक्रेटरी धावत डिस्क प्लेअरपाशी गेले, डिस्क काढून सदऱ्याला पुसली, तेवढ्याने भागेना म्हणून स्वयंपाकघरातलं फडकं आणून चांगली खसाखसा पुसली. फडक्याला तेल होतं. त्यानंतर मेजरने बोलणं सोडाच, दिसणंही बंद केलं.

"जाऊ द्या हो," सेक्रेटरी कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "उघडच आहे. खुनी तो आचारी."

हे बोलायला आणि मंडळाचे आचारी चहाचा ट्रे घेऊन मागे येऊन उभे राहायला एकच गाठ पडली.

"आचारी का?" त्यांनी विचारलं.

"अहो, तुम्ही नाही. सिनेमातला."

"सिनेमातला झाला तरी आचारीच ना? जेवणात काही निघालं की पहिला आचारी धरायचा! आणि इतकी वर्षं माझ्या हातचा चहा पिताय!" असं म्हणून त्यांनी ट्रे होता तसा उलट फिरवला आणि स्वयंपाकघराला आतून कडी घातली.

चहा गेलेला पाहून सेक्रेटरींचा धीर सुटला. "बरं, मग डॉक्टर!" ते दाराकडे तोंड करून ओरडले. "विष डॉक्टरकडेच असणार!"

तिसऱ्या रांगेतल्या डॉक्टरीणबाई पर्स उचलून उभ्या राहिल्या. त्या दर आठवड्याला मंडळात येऊन सगळ्यांचं ब्लडप्रेशर फुकट तपासत. "त्या बिचाऱ्याला सिनेमाभर कुणी नीट बसायला खुर्ची दिली नाही," त्या थंडपणे म्हणाल्या. "आणि तुमची हीच समजूत असेल, तर बुधवारी मी यायचं की नाही, ते बघते."

"मेजर," मागून निवृत्त सुभेदारांचा आवाज आला. "पट्टा उलटा लावलाय, सलाम डाव्या हाताने ठोकतोय. तो मेजरच नव्हे. तोतया आहे. लिहून घ्या."

कुणी लिहून घेतलं नाही, पण हॉलचे तीन तट पडले ते तिथेच.

पुढचे काही दिवस सेक्रेटरींना तोंड लपवून फिरावं लागलं. मंडळात चहा बंद, ब्लडप्रेशर बंद. ते मोजायचं बंद. वाढायचं चालूच होतं. सुभेदारांच्या गटाने डॉक्टरवाल्यांशी बोलणं टाकलं. भाजी घ्यायला गेलं तरी कुणीतरी कानाशी येऊन म्हणायचं, "आतली बातमी काय? कोण निघाला?"

घरीही सुटका नव्हती. "कर्नलच्या बायकोने केला असेल तर बरंच केलं," बायको कपडे वाळत घालता घालता म्हणाली. "सिनेमाभर नवरा तिच्याशी एकच वाक्य बोलला. 'माझे बूट कुठे आहेत?'"

"माझा चष्मा कुठे आहे?" हे सेक्रेटरींच्या अगदी ओठावर आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि चष्म्याशिवायच घराबाहेर पडले.

सिनेमाच्या दुसऱ्या प्रतीसाठी दुकानं पालथी घातल्यावर त्यांना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, बंद पडलेल्या थिएटरचे म्हातारे ऑपरेटर सापडले. त्यांच्याकडे त्याच सिनेमाची टेप होती. टेप चालवायचं यंत्रही होतं.

"नेताय तर न्या," ऑपरेटर म्हणाले, "पण शेवट बघूच नका. आम्ही शेवटच्या सीनला थिएटरची दारं उघडूनच ठेवायचो."

"का बरं?"

"लोक मोडायचे ती."

सेक्रेटरींना वाटलं, म्हातारबुवा थट्टा करताहेत.

शनिवारी हॉल तुडुंब भरला. एरवी मंडळाकडे न फिरकणारेही खुर्च्या घरून घेऊन आले. आचारी हाताची घडी घालून स्वयंपाकघराच्या दारात उभे, डॉक्टरीणबाई पहिल्या रांगेत, सुभेदार दाराजवळ. टेप सुरू झाली. जीप गेली, जीप परत गेली, आणि अखेर मेजरने टोपी काखेत धरली.

"...आणि त्याचं नाव तुम्हाला कुणालाच माहीत नाही!"

दार उघडलं. भिंत हलली. आत एक मिशीवाला माणूस आला. तो मेलेल्या कर्नलचा जुळा भाऊ होता. सिनेमात तो ह्याआधी कुणी पाहिला नव्हता, ऐकलाही नव्हता. त्याने लगेच गुन्हा कबूल केला, मिशी जरा सुटली ती दाबून बसवली, आणि 'समाप्त' अशी पाटी आली.

"खुनी ह्याच खोलीत आहे, म्हणाला ना हा?" सुभेदार गरजले. "हा तर बाहेरून आला!"

"फसवणूक आहे!" आचारी म्हणाले. "भाऊ म्हणे! ह्यापेक्षा आचाऱ्याने केला असता तर काही अर्थ होता."

"किंवा डॉक्टरने," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "निदान विषाचं प्रमाण तरी बरोबर पडलं असतं."

आठवडाभर एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं एका आवाजात बोलू लागली. आचाऱ्यांनी आपण होऊन चहा आणला. डॉक्टरीणबाईंनी तो पहिला उचलला. हा शेवट मंडळाला मान्य नाही, असा ठराव हात वर करून मंजूर झाला, आणि खऱ्या खुन्याचा शोध पहिल्या सीनपासून नव्याने सुरू झाला.

ह्या सलोख्यात आपल्या चुकीवरही पडदा पडावा, म्हणून सेक्रेटरी उभे राहिले. "झाल्या प्रकाराची जबाबदारी माझी आहे," ते म्हणाले. "मी राजीनामा देतो आणि तुमची रजा घेतो."

सुभेदारांनी हॉलचं दार लावून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभे राहिले.

"खुनी सापडेपर्यंत," ते म्हणाले, "कुणीही ही खोली सोडून जायचं नाही."

सेक्रेटरी मुकाट्याने मागच्या रांगेत बायकोशेजारी जाऊन उभे राहिले.

"काय चाललंय?" त्यांनी हळूच विचारलं.

"जबान्या चालल्यात," बायको चहाचा घोट घेत म्हणाली. "बसा. आपला नंबर यायचाय."