कोपऱ्यावरचे सण

सबनीस स्वतःच्या घरात शिरण्याआधी स्वतःच्याच दाराची बेल वाजवतात. घरात दुसरं कुणी नाही, कुलूप त्यांनीच लावलेलं, किल्ली त्यांच्याच खिशात. तरीही बेल वाजवायची, दोन पावलं मागे सरकायचं, जरा थांबायचं आणि मग कुलूप उघडायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, एकटं राहून माणूस जरा सरकलाय. न राहवून विचारलंच.

"समजा आत चोर असला," ते म्हणाले, "तर त्याला मागच्या बाल्कनीतून जायला वेळ नको का? उगाच समोरासमोर कशाला यायचं, वहिनी? त्यालाही अवघड, आपल्यालाही अवघड."

या माणसाचं नाव आई-वडिलांनी अभय ठेवलं आहे. सबनीस दिल्लीत कुठल्याशा मंत्रालयात फायली पुढे सरकवतात, आणि तिथेही म्हणे सही करण्याआधी फाईल उलटी धरून हलवतात, आतून काही पडतंय का ते बघायला. कुकर लावला की शिट्ट्या होईपर्यंत ते जिन्यात येऊन उभे राहतात. अनोळखी नंबरचा फोन आला तर 'हॅलो' न म्हणता श्वास रोखून ऐकतात. पलीकडचाच घाबरून फोन ठेवतो. संक्रांतीच्या दिवशी रजा टाकून घरी बसतात. का, म्हणून विचारलं तर गंभीरपणे सांगतात, "पानिपत इथून फार लांब नाही, वहिनी." आणि आपण हसलो तर त्यांचं ठरलेलं वाक्य येतं, "तुम्ही काळजी करू नका. मी करतोय ना."

माझ्या नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही आर. के. पुरमच्या या सरकारी क्वार्टरमध्ये आलो, तेव्हापासून ते आमचे शेजारी. बायको आणि मुलगी पुण्याला. "दिल्लीची हवा मानवली नाही त्यांना," असं ते सांगायचे. दिल्लीची हवा कुणालाच मानवत नाही, त्यामुळे पुढे काही विचारायचं कारण नव्हतं.

खरं सांगायचं तर मी सबनीसांना हसत असले तरी भीतीच्या बाबतीत मीही काही कमी नव्हते. माझी भीती एकच होती, पण रोजची. माझी मुलगी रेवा गुरुग्रामच्या एका आयटी ऑफिसात नोकरीला लागली होती. मेट्रो, मग बस, आणि मग मोठ्या रस्त्यावरच्या स्टॉपपासून आमच्या ब्लॉकपर्यंतची ती गल्ली. एका बाजूला पार्कची भिंत, दुसऱ्या बाजूला पाडायला काढलेल्या रिकाम्या क्वार्टर्स, आणि कोपऱ्यावरचा दिवा कायमचा बंद. तक्रार केली की माणूस येऊन खांबाकडे बघून जायचा. रेवा यायची आठ वाजता. साडेसातपासून मी बाल्कनीत दोरीवरचे कपडे काढत असायची. तेच तेच कपडे काढून पुन्हा वाळत घालायची, कारण नुसतं उभं राहवायचं नाही.

तर आता सणांची गोष्ट. तिची सुरुवात झाली एका सीताफळापासून.

सबनीसांना ऑक्टोबरात सीताफळाची आठवण झाली. सासवडची आठवण म्हणा. ठेलेवाल्याला त्यांनी सांगितलं, "भैया, एक बढिया सीताफल भेज देना, एकदम पका हुआ." इतकी वर्षं दिल्लीत काढूनही त्यांच्या ध्यानात आलं नाही की इथे सीताफल म्हणजे लाल भोपळा, आणि आपलं सीताफळ म्हणजे शरीफा. संध्याकाळी घरी एक भला थोरला भोपळा येऊन पडला. एकट्या माणसानं एवढ्या भोपळ्याचं करायचं काय? ते तो घेऊन आमच्याकडे आले. रेवा म्हणाली, "काका, परफेक्ट टायमिंग. उद्या हॅलोवीन आहे. याला डोळे, दात कापायचे आणि आत दिवा लावायचा. भुतं घाबरून पळतात."

सबनीस खुर्चीत सरळ बसले. "भुतं घाबरतात?"

"तोच तर पॉइंट आहे ना."

"म्हणजे भुतंसुद्धा घाबरतात," सबनीस स्वतःशीच म्हणाले. इतक्या वर्षांत आपल्याला हे कुणी सांगितलं कसं नाही, असा चेहरा झाला होता त्यांचा.

दुसऱ्या दिवशी भोपळा कापला मी, कारण त्यांना सुरीची भीती. दात इतके झकास जमले की सबनीस त्याला घरात ठेवायला तयार होईनात. शेवटी दोन हात लांब धरून तो खाली नेला आणि गल्लीच्या कोपऱ्यावर, त्या बंद दिव्याच्या खांबाखाली ठेवला. बघायला शेजारीपाजारी जमले. सबनीसांनी भोपळ्याच्या उरलेल्या गराचे घारगे करून आणले होते. आठ वाजता रेवा बसमधून उतरली ती थेट त्या घोळक्यात आली आणि दोन घारगे खाऊनच वर आली.

त्या दिवसापासून सबनीसांनी जगभरचे सण करायला घेतले. सगळे नव्हेत. भीती पळवणारे, अंधार घालवणारे, इडापीडा बाहेर काढणारे तेवढेच. फोनवर शोधून काढायचे आणि जिन्यात भेटतील त्याला आमंत्रण द्यायचे. डिसेंबरात स्वीडनचा सण केला. तिकडे म्हणे हिवाळ्याच्या ऐन अंधारात मुली पांढरे झगे घालून डोक्यावर मेणबत्त्या घेऊन फिरतात. मेणबत्तीनं केस पेटतील या भीतीनं सबनीसांनी गिर्यारोहक लावतात तसली बॅटरी कपाळाला बांधली, अंगात पांढरा कुडता घातला आणि कोपऱ्यावर उभे राहिले. येणारी प्रत्येक रिक्षा त्यांना बघून थांबत होती. फेब्रुवारीत जपानचा सण. तिथे भाजलेले सोयाबीन फेकून भुतांना हाकलतात. सबनीसांनी किलोभर फुटाणे आणले, आणि आम्ही सगळे भिंतीवर फुटाणे मारत ओरडलो, "भूत बाहेर, भाग्य आत." दुसऱ्या दिवशी पहाटे पार्कातली सगळी माकडं फुटाणे वेचायला आली आणि पुढचा आठवडाभर आमच्या बाल्कन्यांमध्ये हक्कानं बसली. सबनीस दाराच्या फटीतून मला म्हणाले, "लाल तोंडं आहेत, वहिनी. थेट जपानहून आलीत."

मार्चात इराणी लोकांच्या नौरोजच्या आधीची आग. ती ओलांडून उडी मारायची आणि आगीला म्हणायचं, माझा फिकेपणा तुला, तुझी लाली मला. सबनीसांनी एक पणती लावली, पायजमा मोज्यांत खोचला, खालच्या मजल्यावरच्या शर्माजींना पाण्याची बादली घेऊन उभं केलं आणि डोळे मिटून पणतीवरून उडी मारली. टाळ्या पडल्या. मग बाकी सगळ्यांनी मारल्या, बसमधून उतरलेल्या मुलींनीही मारल्या. शर्माजी तर आता ऑफिसातून येतानाच विचारायचे, "सबनीस साहब, आज किस देश का है?" देश कुठलाही असो, वेळ संध्याकाळी आठची. ईस्टर पहाटे असतो म्हणून मी सांगून पाहिलं. "पहाटे थंडी बाधते," सबनीस म्हणाले.

चिनी कंदिलांच्या दिवशी मात्र माझी पाचावर धारण बसली. आठ वाजून गेले, रेवाचा पत्ता नाही. फोन लावला तर स्विच्ड ऑफ. पुन्हा लावला, पुन्हा तेच. त्या दिवशीच्या पेपरात वाचलेलं सगळं डोळ्यांसमोर येऊ लागलं. चपला न घालता मी जिना उतरले, गल्लीत धावत गेले, आणि कोपऱ्यावर पाहते तर लाल कंदिलाखाली माझी मुलगी शेवयांचा बाऊल घेऊन उभी.

"आई, बॅटरी गेली होती यार. आणि काकांनी नूडल्स केलेत. म्हणजे शेवयाच आहेत, पण चलता है."

मी तिला काहीबाही बोलले. सबनीसांवरही डाफरले की तुमच्या या खुळापायी मुली रस्त्यात रेंगाळतात. ते नुसते माझ्या अनवाणी पायांकडे बघत राहिले.

वर्ष असंच गेलं. पुन्हा नोव्हेंबर आला, दिवाळी झाली, आणि तिचा धूर तेवढा मागे राहिला. संध्याकाळी सातलाच समोरचा ब्लॉक दिसेनासा व्हायचा. त्याच दिवसांत पलीकडच्या कॉलनीतल्या एका मुलीचा मोटरसायकलवरच्या दोघांनी पार घराच्या फाटकापर्यंत पाठलाग केला. बातमी ऐकली आणि माझ्या जिवात जीव राहिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रेवाला सांगून टाकलं, या महिन्याअखेरीला राजीनामा दे आणि पुण्याला मावशीकडे जा.

"पण मी काय केलंय?" रेवा म्हणाली.

"तू काही केलं नाहीस."

"मग मला का पाठवतेस?"

मी आवाज चढवला. ती न जेवता, दार आपटून ऑफिसला गेली.

त्या संध्याकाळी बाल्कनीत उभं राहवेना. मी शाल घेतली आणि तिला आणायला खाली उतरले. कोपऱ्यावर दिवा नव्हता, माणसं नव्हती. धुरात चार हातांपलीकडचं दिसत नव्हतं. मी अर्ध्या गल्लीत आले, आणि खांबाला चिकटून कुणीतरी उभं असलेलं दिसलं. मी ओरडायला तोंड उघडलं.

"वहिनी," ती आकृती घाईघाईनं म्हणाली, "मी आहे, मी. सबनीस."

जीव भांड्यात पडायलाही वेळ लागला. "अहो, काय हे? आज काय आहे?"

"आज काही नाही. सगळं जग शोधलं. आज कुठेच तसला सण नाही."

"मग इथे अंधारात काय करताय?"

"मुली तर आजही येणार ना," सबनीस म्हणाले.

ते रस्त्याकडे बघतच बोलत राहिले.

"आमची ऋचा इथूनच ओरडली होती. दोघं होते. मी वर खिडकीत होतो, मला ऐकू आलं. 'बाबा' असंच ऐकू आलं. मला वाटलं, कुणाचे तरी बाबा असतील. मी खिडकी लावून घेतली."

मी दोन पावलं जवळ सरकले.

"तसं काही झालं नाही. एक स्कूटरवाला थांबला, ते पळाले. ती घरी आली. मला विचारलं, ऐकू नाही आलं का? मी नाही म्हणालो. ती त्या लावलेल्या खिडकीकडे बघत राहिली. मग दोघी पुण्याला गेल्या. तिच्या आईशी बोलायला मी फोन करतो, तेव्हा मागे तिचा आवाज येतो. तेवढाच."

"सबनीस, मग तुम्ही आम्हाला आधी का नाही सांगितलं? आपण सगळ्यांनी पाळीपाळीनं पहारा दिला असता."

"पहाऱ्याला कोण येतं, वहिनी? दोन दिवस येतात. सणाला येतात, खायला असलं की जास्त येतात. आणि पहारा म्हटलं असतं तर तुम्ही सगळ्यांनी आपापल्या मुलींना घरी बसवलं असतं." मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "भिंती पातळ आहेत. सकाळी ऐकू आलं मला. पाठवू नका तिला."

तेवढ्यात मोठ्या रस्त्यावरून एक मोटरसायकल गल्लीत वळली आणि आमच्याजवळ येऊन हळू झाली. दिव्याचा झोत अंगावर आला. सबनीस चटकन माझ्या मागे सरकले. मग, बहुधा स्वतःच्याच लक्षात येऊन, पुन्हा माझ्या पुढे येऊन उभे राहिले. त्यांचा एक हात मागे होता आणि त्यात माझ्या शालीचं टोक घट्ट धरलेलं होतं. मोटरसायकलवाल्यानं कुठल्याशा ब्लॉकचा पत्ता विचारला. सबनीसांनी तो सांगितला, बरोबर सांगितला, आणि तो निघून गेला.

"फार भीती वाटते इथे," सबनीस म्हणाले. "एकट्याला उभं राहवत नाही मला. म्हणून माणसं जमवायची."

बस आली. धुरातून मुलींचे आवाज आले, मग मुली आल्या. रेवा सर्वांत मागे, अजून रागावलेली. मला बघून तिनं मान फिरवली आणि सबनीसांना विचारलं, "काका, आज कुठला?"

सबनीस गोंधळून माझ्याकडे बघू लागले.

"आज नाही कुठला," मी म्हणाले. "चला सबनीस, झालं ना, आल्या मुली. वर चला, गरम आमटी आहे."

"तुम्ही व्हा पुढे, वहिनी," ते म्हणाले. "मागच्या ब्लॉकमधल्या मल्याळी सिस्टर अजून यायच्या आहेत. त्यांची ड्यूटी उशिरा सुटते."

मी रेवाच्या हातात घराची किल्ली दिली आणि तिथेच उभी राहिले.