तीन बेडरूम आणि सहा मुलं

आयुष्यात मी खोटं फार कमी वेळा बोललो आहे. पण जेव्हा बोललो तेव्हा ऐसपैस बोललो. लहानसहान खोटं बोलून जीभ विटाळणाऱ्यांतला मी नव्हे.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. शारजात रोला चौकाच्या मागं आम्ही एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. आम्ही म्हणजे मी, बायको सुनेत्रा आणि मुलगी ओवी. ओवी त्या वर्षी दहावीत जाणार होती. बेडरूमचं दार दमट हवेनं असं फुगलं होतं की ते चौकटीत बसेना. त्यामुळे आतून कडी लागेल असं घरात एकच दार उरलं होतं, बाथरूमचं. पोरगी पालथ्या बादलीवर बसून तिथं भूगोल पाठ करायची. (नद्यांच्या प्रश्नात तिला पैकीच्या पैकी मार्क पडायचे, ते उगाच नाही.)

एके दिवशी सुनेत्रा म्हणाली, "अहो, एप्रिलमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत ओवीला तिची खोली मिळाली पाहिजे. नाहीतर मी तिला घेऊन पुण्याला जाते. तुम्ही राहा इथं बॅचलर होऊन."

आखातात बॅचलर होणं म्हणजे काय ते तिकडं राहिलेल्यालाच विचारा. एका खोलीत आठजण, दुमजली खाटा आणि स्वयंपाकाच्या पाळ्या. माझ्या हातचं वरण आमच्या गॅरेजमधल्या मांजरानं एकदा हुंगलं होतं. ते त्याच दिवशी दुसऱ्या गॅरेजमध्ये नोकरीला लागलं.

"त्यात काय! मोठा फ्लॅट घेऊ," मी म्हणालो.

मी औद्योगिक भागातल्या एका गॅरेजमध्ये स्टोअरकीपर होतो. पण माझा आत्मविश्वास मालकाचा होता. आठवड्यात फ्लॅट शोधला. चौथा मजला, तीन बेडरूम, दोन बाल्कन्या. हॉल तर एवढा की सुनेत्रा त्या टोकाला उभी राहून काहीतरी बोलली आणि मला खरोखरच ऐकू आलं नाही. (एरवी मला तसं नाटक करावं लागतं.)

मालक अबू सैफ म्हणून साठीचे गृहस्थ होते. पांढराशुभ्र पायघोळ कंदुरा, हातात जपमाळ. तरुणपणी मुंबईला खजुराचा व्यापार केलेला, त्यामुळे त्यांचं हिंदी माझ्यापेक्षा बरं होतं. त्यांची एकच अट होती. लहान कुटुंबं मोठा फ्लॅट घेतात, मग गुपचूप प्लायवूड ठोकून खोल्या पाडतात आणि त्यात बॅचलर भरतात. म्हणून मोठा फ्लॅट फक्त मोठ्या फॅमिलीला.

"कितना बच्चा?" त्यांनी विचारलं.

मी हॉलकडे पाहिलं. मग ती पालथी बादली आठवली.

"छे बच्चे हैं," मी म्हणालो.

"माशाल्ला!" अबू सैफ खूश झाले. "हम जुम्मे को घर आएगा. बच्चा लोग को देखेगा, चावी देगा. इन्शाल्ला दस बजे."

घरी येऊन सांगितलं तर सुनेत्रा खुर्चीत बसलीच. "सहा? अहो, पंधरा वर्षांत एक झालं. बाकीची पाच शुक्रवारपर्यंत?"

"त्यात काय! उसनी आणू."

तेव्हा शुक्रवारी सुट्टी असायची आणि आमच्या मंडळाच्या बालनाट्याच्या तालमी चालू होत्या. मी जाहीर करून टाकलं की या शुक्रवारची तालीम आमच्या घरी, मुलांना नऊला सोडा आणि बाराला न्या. अशी पाच मुलं जमली. मंडळातल्या शोभनाची दोन, सिद्धांत आणि समिधा. अपर्णाची जुळी. आणि ममताचा चार वर्षांचा गोळा, जो नाटकात दगडाची भूमिका करत होता.

"ऐका," मी म्हणालो. "एक अंकल येणार आहेत. ते जाईपर्यंत मी तुमचा डॅडी."

"इज इट अ स्पीकिंग रोल, अंकल?" सिद्धांतनं विचारलं.

"नाही. नुसतं हसायचं."

"देन आय वॉन्ट टू चॉकलेट्स."

दोन-दोन चॉकलेटांवर सौदा ठरला. मुलांना उंचीप्रमाणे सोफ्यावर बसवलं. दहा वाजले, अकरा वाजले, चॉकलेटं संपली. आपल्या 'येतोच' सारखंच तिकडच्या 'इन्शाल्ला'चंही घड्याळ वेगळं असतं, हे मी हिशेबात धरलं नव्हतं. अबू सैफ आले तेव्हा पावणेबारा झाले होते.

सगळं छान चाललं. त्यांनी प्रत्येकाच्या डोक्यावरून हात फिरवला, खजुराची पेटी दिली. दगड त्यांच्या मांडीवर जाऊन बसला. त्यांनी खिशातून चावी काढली, माझ्यासमोर धरली, मी हात पुढे केला आणि दार उघडून तीन बायका आत आल्या.

बरोबर बारा. आपली माणसं नको तिथं वेळ पाळतात.

"सिद्धांत, समिधा, चला रे," शोभना म्हणाली. ती दोघं "मम्मी!" करत धावली. जुळी अपर्णाला दोन बाजूंनी बिलगली. ममतानं आपला दगड मालकांच्या मांडीवरून उचलला, तसा तो "मम्मा" म्हणून तिच्या गळ्यात पडला. आमची ओवी सुसंस्कृत. ती सुनेत्राला म्हणाली, "आई, शॅल आय ब्रिंग द टी?"

अबू सैफ बघत होते. जपमाळेचे मणी पुढं सरकत होते. एक, दोन, तीन. मग त्यांनी सुनेत्राकडे पाहिलं आणि चौथा मणी सरकवला.

ते अदबीनं उभे राहिले. "तुम... चार?"

माझ्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. खरं सांगावं तर मुलं पाच उसनी, फ्लॅट गेला, बायको पुण्याला. चावी अजून हवेतच होती.

"जी," मी म्हणालो. "बस, मॅनेज हो जाता है."

सुनेत्रानं माझ्याकडे असं पाहिलं की ओवीनं आणलेला चहा पुन्हा उकळला असता. शोभनाला बिचारीला काहीच ठाऊक नव्हतं. ती हात जोडून म्हणाली, "नमस्ते. हम तो इधर हमेशा आते-जाते हैं."

"हमारा एक है," अबू सैफ मला मिठी मारून म्हणाले. "उस एक के डर से हमारा बाल सफेद हुआ. बाकी तीन किधर रहता?"

"अलग-अलग घर में. मिलने आते हैं."

यावर ते विचारात पडले. मग मान डोलावली. ज्याला चार घरं सांभाळायची आहेत, त्याला खोल्यांतून बॅचलर भरायला वेळ कुठला, असा त्यांनी निष्कर्ष काढला असावा. एकदम गंभीर होऊन त्यांनी विचारलं, "इन्साफ करता है? सब को बराबर टाइम?"

"एकदम बराबर!" मी छाती पुढे काढून म्हणालो.

"तब खलास," ते म्हणाले आणि चावी माझ्या हातावरून पुढे नेऊन अदबीनं सुनेत्राला दिली.

पुढच्या आठवड्यात आम्ही राहायला गेलो. ओवीनं तिच्या खोलीचं दार लावलं ते थेट जेवायलाच उघडलं. मी दोन्ही बाल्कन्यांत आळीपाळीनं उभा राहून सिगारेट ओढली. तसा दिवस पुन्हा आला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन परतलो तर लिफ्टपाशी नातूर उभा. इमारतीच्या वॉचमनला तिकडं नातूर म्हणतात. याच्या टेबलावर एक कॅलेंडर होतं आणि त्यावर कालच्या तारखेला गोल होता.

"साब, कल आप इधर था."

"मग? घर आहे माझं!"

"आज दूसरा मॅडम का दिन. अरबाब अबू सैफ ने बोला, साब अच्छा आदमी है, मगर काम में भूल जाएगा. इन्साफ का खयाल रखना. आप चौथा दिन आओ."

मी इंटरकॉमवर तुटून पडलो. "सुनेत्रा, अगं सांग याला!"

"काय सांगू?" वरून शांत आवाज आला. "एकच बायको आहे म्हणून? सांगते की. मग सामान कधी बांधायचं?"

मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मेथी आणलीत का?"

"आणलीय."

"नातूरकडं द्या."

मेथी लिफ्टनं वर गेली. मी गॅरेजवर गेलो आणि टायरच्या थप्पीवर गादी टाकली. अशी चारातली तीन दिवसांची बॅचलरकी सुरू झाली. ओवीचा अभ्यास जोरात, सुनेत्राच्या चेहऱ्यावर तेज. बारीक झालो तो मीच.

मे महिन्यात मी शेवटचा उपाय केला. मुंबईहून आलेली हापूसची अख्खी पेटी नातूरच्या टेबलावर ठेवली. त्यानं एक आंबा हुंगला. जरा विरघळला.

"साब, एक बात बोलूँ? मॅडम कल आप के बारे में पूछ रही थी."

माझा ऊर भरून आला. शेवटी पंधरा वर्षांचा संसार!

"क्या पूछ रही थी?"

"पूछ रही थी," नातूर आवाज खाली आणून म्हणाला, "साब पाँचवाँ शादी नहीं कर सकता क्या?"