आफ्रिकन व्हायोलेटचा पंचनामा

दौलत तावडे पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण चौकशीची हौस काही निवृत्त झाली नाही. नायगावच्या त्यांच्या नव्या घरात खिडकीशी ठेवलेल्या कुंडीतल्या पानांवर पिवळट डागांची कडी उमटली, तेव्हा त्यांनी चष्मा चढवला आणि सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं.

कुंडी साधीसुधी नव्हती. त्यांच्या मुलाचं, वैभवचं, लग्न देविकाशी जुळत होतं. तिच्या आई, दादरच्या सुमतीबाई, घर बघायला आल्या तेव्हा त्यांनी स्वतः वाढवलेलं आफ्रिकन व्हायोलेट भेट दिलं होतं. जांभळी फुलं, मखमली केसाळ पानं. जाताना म्हणाल्या होत्या, "जपा हं. मला झाडावरून घर कळतं." रविवारी त्या लग्नाची तारीख ठरवायला येणार होत्या, आणि इथे झाडाने अंग टाकलं होतं. दौलतरावांचा जीव टांगणीला लागला होता, पण खरं सांगायचं तर त्यांना थोडी मजाही येत होती.

"काम घरातल्याच माणसाचं आहे," ते म्हणाले. "वैभव, तू काय टाकलंस?"

"चहाचा चोथा, पप्पा. व्हिडिओत दाखवतात ना."

"साखर धुतली होतीस?"

वैभवने जीभ चावली. दौलतरावांनी मान डोलावली आणि मोर्चा लेकीकडे वळवला.

"मी फक्त उन्हात ठेवलं, फोटोसाठी," श्रेया म्हणाली. "लाइट काय मस्त येतो तिकडे."

आता सगळे आईकडे बघू लागले. मालनताईंनी पदर खोचला.

"माझ्याकडे काय बगतास? मी नुसती अगरबत्ती ओवाळतंय. चाळीत गॅलरीत तुळस होती. हय कोणाक ओवाळू?"

तिन्ही संशयितांना झाडाजवळ जायची बंदी झाली. सकाळ-संध्याकाळ दौलतराव एकटेच जातीने झाडाची सरबराई करू लागले. तरी डाग वाढतच गेले. आता मात्र ते चक्रावले. भिंग घेऊन त्यांनी पान न् पान तपासलं. वरच्या पानांवर डाग होते, खाली झाकलेली पानं स्वच्छ होती.

"गुन्हेगार वरूनच येतो," त्यांनी जाहीर केलं. त्यापुढे तपास सरकेना.

रविवारी सुमतीबाई आल्या त्या बसायच्या आधी खिडकीशी गेल्या. मालनताईंच्या हातातला पोह्यांचा ट्रे तिथेच थांबला. बाईंनी एक पान बोटावर उचलून पाहिलं.

"याच्यावर गार पाणी कोण घालतं?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"केसाळ पानांवर पाणी साचून राहतं. गार असलं की अशी कडी उठतात."

दौलतराव सवयीने ताठ उभे राहिले.

"घालत नाही, बाई. पुसतो. फ्रीजच्या बाटलीतल्या फिल्टरच्या पाण्याने. तुम्ही दिलेल्या झाडाला नळाचं पाणी कसं द्यायचं? आधी रोज सकाळी पुसायचो. डाग दिसल्यापासून संध्याकाळीही पुसतो."

"संध्याकाळी कशाला?"

"तपासाला डाग नीट दिसावेत म्हणून."

"आणि आमका मात्र आरोपी म्हणून उभा केल्यानी," मालनताई म्हणाल्या.

सुमतीबाई हसू दाबत होत्या, पण ते काही दबेना. शेवटी त्या खुर्चीत बसून डोळे पुसेपर्यंत हसल्या. दौलतराव अजून उभेच होते. निकाल लागल्याशिवाय बसायची त्यांना सवय नव्हती.

"बसा हो," सुमतीबाई म्हणाल्या. "नवी पानं चांगली येतील. माझ्या मुलीची काळजी घेणारी माणसं आहात, एवढं कळलं. पण तिला इतकं जपू नका. दोन वेळा कुणी पुसायला आलं तर ती घर सोडून जाईल."

मग पोहे झाले, तारीख ठरली. निघताना बाईंनी खालचं एक धड पान देठासकट खुडून छोट्या कुंडीत खोचलं. "याचं नवीन झाड होईल. फक्त मुळं धरेपर्यंत उपटून बघायचं नाही."

दुसऱ्या दिवशी दौलतराव खिडकीकडे पाठ करून पेपर वाचत बसले. पेपरचं तेच पान बराच वेळ त्यांच्यासमोर उघडं होतं.

"मालन, जरा बघ ना. मुळं आली असतील?"

"गप ऱ्हवा," स्वयंपाकघरातून आवाज आला. "लगीन तरी होऊंदे आधी."