बिनवासाचे बूट

आर्लिसचा सगळा संशय आता बुटांवर येऊन थांबला होता. शिकारीच्या सलग दोन मोसमांत हरणांनी त्याला हुलकावणी दिली होती. यंदाही हात हलवत परतलास तर ओढ्याकाठचं मचाण ड्वेनला, असं सासऱ्याने भर जेवणात बजावलं होतं. ड्वेन म्हणजे बायकोचा, नोरीनचा, धाकटा भाऊ. विस्कॉन्सिनमध्ये एक वेळ शेत गेलेलं चालतं, पण मचाण मेव्हण्याकडे गेलं की माणसाला तोंड दाखवायला जागा राहत नाही.

"कातड्याच्या बुटांत घामाचा वास मुरतो आणि हरणांना तो लांबूनच लागतो," असं म्हणून त्याने गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणले. मग रबराचाच वास येतोय की काय, अशी शंका आली. बूट व्हरांड्यात वाऱ्यावर टांगले. सकाळी आत नाक खुपसलं आणि तो किंचाळला.

"नोरीन! बुटांना सॉसेजचा वास येतोय!"

"सॉसेजच तळतेय मी. खिडकी उघडी आहे."

"उघडी का ठेवलीस?"

"बंद केली की धूर होतो म्हणून तूच बोंबलतोस."

तेवढ्यात ड्वेन आला. गालात तंबाखूचा तोबरा. "झकास आहेत हो दाजी," म्हणत त्याने एक बूट चक्क उघड्या हाताने उचलला.

"खाली ठेव आधी!"

"अहो, बूट आहे, तान्हं बाळ नाही!"

आर्लिसने बूट बिनवासाच्या साबणाने धुतले, वाळक्या पानांत गाडून पिंपात घातले आणि शेडला कुलूप ठोकलं. बहीण-भाऊ आतून एक असणार, याची त्याला खात्रीच होती.

"शेडची किल्ली कुठंय?" नोरीनने विचारलं.

"तुला कशाला?"

"फावडं हवंय."

"फावडं कशाला?"

"तुला पुरायला!"

शिकारीचा मोसम उघडला त्या सकाळी ट्रकमधल्या पेट्रोलचा वास लागू नये म्हणून त्याने नुसत्या मोज्यांवर गाडी चालवली आणि रानाच्या कडेला पोचल्यावरच बूट चढवले. तो मचाणावर बसला आणि थोड्याच वेळात झाडीतून एक थोराड नर बाहेर आला. आर्लिसच्याच वाटेने, थेट शिडीपाशी.

आर्लिसने बंदूक रोखली. एवढ्यात हरणाने मान खाली घालून त्याच्या पावलाचा ठसा हुंगला. आर्लिस थबकला. याला खरंच वास येत नाही, की हे नाटक करतंय? हरणाने दुसरा ठसा हुंगला, आणि मग तिथेच शांतपणे ओकची फळं खायला सुरुवात केली.

"नाही आला! वास नाही आला!" आर्लिस आनंदाने ओरडला.

पांढरी शेपटी उंचावून हरीण ओढ्यापलीकडे झेपावलं. पाठोपाठ तिकडून गोळीचा आवाज आला.

आर्लिस धापा टाकत पोचला, तेव्हा ड्वेन हरणाशेजारी उभा होता. पायात गोठ्यातले बूट, घोट्यापर्यंत शेणाने माखलेले.

"दाजी, तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही ओरडलात आणि हे सरळ माझ्याकडे आलं. बरं, मचाण कधी रिकामं करताय?"

 आर्लिस हळूच गुडघ्यांवर बसला आणि मेव्हण्याचे बूट हुंगू लागला.