मान्यताप्राप्त घरघर

माझ्या थोरल्या बंधूंच्या घरात एक खोली कमी होती आणि एक आवाज जास्त होता. दोन्हींचं कारण एकच, माझा पुतण्या. त्याला घरात सगळे भुंगा म्हणतात. हे नाव मी ठेवलेलं नाही. पसरवलं मात्र मीच, हे कबूल करतो.

भुंगा मागच्या आठ बाय दहाच्या खोलीत सायकेडेलिक ट्रान्स तयार करायचा. ज्यांचा या प्रकाराशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. यात मिनिटाला एकशे पंचेचाळीस वेळा ‘धम’ वाजतो आणि दोन धमांच्या फटीत ‘डुगडुगडुग’ असा खर्ज बसवायचा असतो. बसवायचा म्हणजे असा, की धमाला धक्का लागता कामा नये आणि डुगडुगीचा श्वास कोंडता कामा नये. मग वरून चिरकणारे, वळवळणारे, बुडबुडणारे आवाज सोडायचे. ऐकणाऱ्याचं डोकं हळूहळू रिकामं होतं म्हणतात. मला तो गुण यायला वेळ लागला नाही; मुळात भरलेलं फारसं नव्हतंच.

खोलीच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, खिडकीत जुनी गादी ठोकलेली. चार महिने झाले, भुंगा फक्त धमावर बसला होता. एकदा त्यानं माझ्या कानांवर हेडफोन चढवले, एक धम ऐकवला, मग दुसरा.

“काका, फरक कळतो?”

“दुसरा जरा मर्यादेनं वागतो,” मी अंदाजपंचे ठोकून दिलं.

“तीस हर्ट्झच्या खालचं सगळं कापलंय,” तो म्हणाला, आणि वाकून माझ्या पाया पडला. तेव्हापासून घराण्यातला जाणकार म्हणून माझ्यावर शिक्का बसला तो बसलाच.

अशात वहिनींनी वॉशिंग मशीन घेतलं. ते बाथरूमच्या दारातून आत जाईना. चार दिवस ते बैठकीत पाहुण्यासारखं बसून राहिलं, आणि पाचव्या दिवशी दादांची नजर मागच्या खोलीकडे वळली. दादा वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेले. शिक्का नसलेला किलो त्यांच्या लेखी किलोच नसे. ते भुंग्याला म्हणाले, “मशीन निदान कपडे तरी धुतं. तुझ्या या धडधडीला सरकारी शिक्क्यानं कोणी संगीत म्हटलं, तर खोली तुझी. महिनाभर वाट बघतो. नाहीतर मशीन आत, तू बाहेर.”

भुंग्याजवळ दुसरी खोली नव्हती, आणि दुसरा धम तर नव्हताच.

सरकार दरबारी नादमान्यता कक्ष नावाचं एक कार्यालय आहे, हे मला त्या आठवड्यात कळलं. कक्ष म्हणजे एकच दालन. पुढे खिडकीपाशी रांग, मागे कपाटांच्या आडोशाला समितीचं टेबल, कोपऱ्यात भिंतीत बसवलेला जुना एसी. भुंग्यानं प्रपत्र ‘ढ’ भरलं. ‘गाण्याचे बोल कोणाचे’ यापुढे त्यानं ‘कोणाचेच नाहीत’ असं लिहिलं. त्यावर ‘मग वारसांची संमती जोडावी’ असा शेरा आला. ‘गाणे संपले हे कसे ओळखावे’ या रकान्यात त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं की, ओळखू येत नाही. हा अर्ज त्याच रकान्यामुळे पुढे सरकला. कारण कक्षाचे साहेब म्हणाले, ही अडचण त्यांनाही नेहमी येते.

ऐकणाऱ्या समितीत तीन सदस्य लागतात. एक साहेब स्वतः. दुसऱ्या एक निवृत्त शिक्षिका, ज्यांनी तीस वर्षं कवितांचं रसग्रहण शिकवलं होतं. तिसरा निःपक्षपाती नागरिक, ज्याला संगीतातलं काही कळत नाही असं त्यानं लेखी द्यावं लागतं. ते मी दिलं. अर्जदाराचे आईवडील आणि पत्नी समितीवर नसावेत असा नियम आहे. काकांबद्दल नियम मौन पाळतो, म्हणून मीही पाळलं.

ठरल्या दिवशी भरदुपारी आम्ही बसलो. भुंग्याला बाहेर ठेवलं. लिपिकानं पेनड्राइव्ह लावला, बटण दाबलं आणि तो जेवायला निघून गेला. आम्ही डोळे मिटले.

खोटं कशाला बोलू, मी भारावून गेलो. आधी एक लांबच लांब घरघर, तिच्या पोटात एक खडखड. मधूनच काहीतरी टपकल्याचा आभास. नवव्या मिनिटाला मोठा ‘खट्ट’ झाला आणि सगळं थांबलं. संपूर्ण शांतता. मग पुन्हा एक हुंदका देऊन ती घरघर जिवंत झाली. शिक्षिकाबाईंनी पदरानं डोळे टिपले. त्या शांततेत त्यांना त्यांचं बालपण दिसलं, असं त्यांनी अभिप्रायात लिहिलं. साहेबांनी ‘जन्म, व्यय आणि पुनर्जन्म’ असं लिहून खाली दोनदा रेघ मारली. मी ‘दोघांशी सहमत’ लिहिलं. निःपक्षपाती माणसानं यापलीकडे जाऊ नये.

मान्यतेचा कागद मिळाला. दादांनी शिक्का उजेडात धरून तपासला, मग चौकट करून आणली आणि वॉशिंग मशीनच्या वरच्या भिंतीवर लावली. मशीन बैठकीतच राहिलं. त्यावर आता फुलदाणी आली.

तीन आठवड्यांनी साहेब पडताळणीला घरी आले. मान्य झालेला नाद आणि प्रत्यक्षात वाजणारा नाद एकच आहे ना, हे पाहावं लागतं. भुंग्यानं मोठ्या हौसेनं अख्खा ट्रॅक ऐकवला. साहेब हातातल्या टिपणाशी ताडून बघत होते आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. टपकणं कुठे आहे, त्यांनी विचारलं. नवव्या मिनिटाचा पुनर्जन्म कुठे गेला? “हे काहीतरी भलतंच आहे,” ते म्हणाले. “यात तर ताल आहे.”

पंधरा दिवसांत नाद जुळवा, नाहीतर मान्यता रद्द, अशी नोटीस लागली. दादांनी फुलदाणी उचलून बाजूला ठेवली.

मी जाणकार असल्यामुळे चौकशीला मलाच धाडण्यात आलं. फाइल उघडली, आणि लिपिकाच्या सुवाच्य अक्षरातली नोंद सापडली: ‘मान्यता न मिळालेला नाद कार्यालयात वाजवण्यास मनाई असल्याने, श्रवणाच्या वेळी आवाजाचे बटण शून्यावर ठेवले.’ नोंदीखाली साहेबांची सही होती. शिक्षिकाबाईंची होती. माझीही होती. म्हणजे त्या दुपारी आम्ही जे ऐकलं आणि ज्याला मान्यता दिली, तो कोपऱ्यातला एसी होता.

मी मान वर करून एसीकडे बघितलं. तो अगदी गप्प होता. आदल्याच आठवड्यात मेकॅनिक येऊन बेअरिंग बदलून गेला होता. मूळ कृती आता पृथ्वीतलावर कुठेही शिल्लक नव्हती. साहेबांनी मेकॅनिकला बोलावून एसी होता तसा बिघडवून द्यायला सांगितलं. तो म्हणाला, “साहेब, दुरुस्त मी करतो. बिघडवणं माझ्या हातचं नाही, त्याला वर्षं लागतात.”

दरम्यान दालनात एक वेगळंच संकट उभं राहिलं होतं. घरघर थांबल्यामुळे रांगेतल्या माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू येऊ लागलं. पहिल्या दिवशी ती खोकली. दुसऱ्या दिवशी बोलली. तिसऱ्या दिवशी एका चष्मेवाल्या गृहस्थांनी खिडकीत डोकं घालून विचारलं की, रांग का सरकत नाही. त्या खिडकीच्या इतिहासात हा प्रश्न पूर्वी कोणी विचारला नव्हता. साहेबांना त्या संध्याकाळी गोळी घ्यावी लागली.

तोडगा मी सुचवला. त्यापायी मला अजून झोप येत नाही, किंवा येते, पण उशिरा. मी म्हटलं, साहेब, मान्यता कशाला दिली आपण? त्या कोपऱ्यातून येणाऱ्या आवाजाला. मग त्या कोपऱ्यातून भुंग्याचाच आवाज येऊ द्या. नादही जुळेल आणि रांगही गप्प बसेल.

एसीच्या पोटात भुंग्याचा स्पीकर बसवला. धम सुरू झाला. अर्ध्या तासात रांग शांत झाली. तासाभरात डोलू लागली. चष्मेवाले गृहस्थ कशासाठी आलो होतो हे विसरून दोन दिवस आनंदानं उभे होते. महिन्याअखेर तक्रारींचा आकडा शून्य झाला. साहेबांचा सत्कार झाला, इतर कार्यालयांतून मागणी आली आणि भुंग्याला ‘यंत्रनाद सहायक’ या पदावर कायम करण्यात आलं. दादांनी नेमणुकीच्या पत्रावरचा शिक्का तपासला आणि खोलीला बाहेरून नावाची पाटी लावली. वहिनी बैठकीत कपडे धुतात.

फक्त एक कलम आहे. मान्य झालेल्या नादात एका धमाचाही फेरफार करता येत नाही. भुंगा आता त्या खोलीत नुसता बसतो. एवढी माणसं त्याचा ट्रॅक रोज सात तास सोसतात, आणि तो कोणी ऐकलेला नाही.

कोणी नाही, असंही नाही. वर्षाच्या सर्व्हिसिंगला तो मेकॅनिक आला. भुंगा शेजारीच उभा होता. मेकॅनिकनं झाकण उघडण्याआधी सवयीनं कान लावला, आणि हातातला पाना हळूच खाली ठेवला.

“हे बेअरिंग नाही,” तो म्हणाला. “खालचं सगळं कापून मग बसवलंय. महिने घातलेत कोणीतरी.”

“चार,” भुंगा म्हणाला.

मेकॅनिकनं एसीला पुन्हा कान लावला, शेजारी भुंग्यानंही लावला. शेवटी साहेबांनी खाकरून आठवण करून दिली की, कार्यालयीन वेळेत संगीत ऐकण्यास मनाई आहे.

तुम्हाला ही थाप वाटत असेल. माझ्या बहुतेक गोष्टी थापाच असतात, तेव्हा मी रागावत नाही. फक्त पुढच्या खेपेला रांगेत उभे राहाल तेव्हा कोपऱ्यातून घरघर येते का ऐका, आणि मग जरा खाली बघा. तुमच्या पायानं ताल धरला असेल, तर मला कळवा, पुतण्याला बरं वाटेल. रांग कधीपासून सरकलेली नाही, हेही तुम्हाला तेव्हाच आठवेल. पण खिडकीत जाऊन विचारू नका. विचारायचंच असतं, तर एव्हाना तुम्ही विचारलं असतंत.